अकरावी-बारावीतील संगीत : यवतमाळ जिल्ह्याची स्थिती

महाराष्ट्रात विद्यापीठापूर्वीचा टप्पा म्हणजे अकरावी-बारावी. राज्य मंडळाच्या विषयसूचीत या टप्प्यावर संगीताला जागा आहे. भारतीय संगीताचा इतिहास व विकास हा एक विषय, शिवाय शास्त्रीय गायन, सुगम गायन, वाद्यवादन आणि तालवाद्य. कला शाखेचा विद्यार्थी इंग्रजी व दुसऱ्या भाषेच्या जोडीला चार वैकल्पिक विषय निवडतो. त्यांत संगीताचे वजन अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्राइतकेच, १०० गुणांचे.

यवतमाळ जिल्हा मंडळाच्या अमरावती विभागात मोडतो. येथील १६ तालुक्यांत हा विषय प्रत्यक्ष शिकायला मिळणे मात्र दुर्मीळ. संगीताला मंजूर पदावरचा शिक्षक लागतो, तबल्याची साथ लागते, रियाजाला शांत खोली लागते आणि तुकडी टिकेल इतकी मुले लागतात. झरी जामणी किंवा मारेगावसारख्या तालुक्यात हे सारे एकत्र जुळणे अवघड. विज्ञान शाखेकडे गेलेल्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे. ‘नीट’ आणि ‘जेईई’च्या शिकवण्यांत त्यांची संध्याकाळ संपते, आणि गाण्याचा क्लास असतो तो संध्याकाळीच.

खरे शिक्षण या खासगी क्लासांतच चालते. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्यांच्या निधनानंतर, १९३१ मध्ये, शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही त्या मंडळाच्या परीक्षांची शिडी छोट्या गावांतल्या मुलांनाही चढता येते, हे या परंपरेचे फार मोठे देणे आहे. नवव्या-दहाव्या वर्षी पेटीवर अलंकार म्हणू लागलेले मूल दहावीपर्यंत मध्यमाच्या आसपास पोचते. तिथून विलंबित ख्यालाचा अभ्यास वाढतो, आणि नेमक्या तिथेच पुष्कळांचा क्लास सुटतो.

ही गळती वयाच्या दृष्टीने विशेष हानिकारक आहे. मुलांचा आवाज साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी फुटतो आणि सोळा-सतराच्या सुमारास नव्या पट्टीत स्थिरावू लागतो. षड्ज पुन्हा ठरवायचा, खर्ज भरायचा, दमसास वाढवायचा काळ हाच. अकरावी-बारावी ही कंठ घडण्याची वर्षे आहेत, आणि तीच रिकामी जातात.

शासनाच्या धोरणानेही ही फट बुजलेली नाही. २०१७ पासून दहावीच्या विद्यार्थ्यांना शास्त्रीय कला, लोककला आणि चित्रकलेतील प्रावीण्यासाठी वाढीव गुण मिळू लागले. त्यामुळे क्लासांना गर्दी झाली. पण बारावीला खेळाडूंसाठी सवलतीचे गुण आहेत, गायकासाठी नाहीत. गुणांसाठी बसवलेले मूल गुण मिळताच उठते. त्यात त्याचा दोष नाही.

अभ्यासक्रमाचीही एक अडचण आहे. भातखंड्यांचे दहा थाट, वादी-संवादी, दोन स्वरलेखनपद्धतींतील फरक हे पाठ करून लिहिता येते. भूप आणि देशकार या रागांचे स्वर तेच. भेद कळतो तो धैवतावर थांबण्याच्या रीतीने, आणि तो ऐकूनच कळतो. मैफली कमी असलेल्या जिल्ह्यात श्रवणाला वर्गातच तास राखून ठेवले पाहिजेत. विषय न घेताच पुढे गेलेल्या विद्यार्थ्याला संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या पदवीवर्गात संगीत निवडल्यास साहजिकच पायापासून सुरुवात करावी लागते.

आणि तरीही हा जिल्हा सुरांना पारखा नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने गावोगावच्या मंडळांत गायली जातात. पुसद-दिग्रसकडच्या बंजारा तांड्यांवर होळीला लेंगी रंगते, तर केळापूर-झरीकडच्या गोंड-कोलाम वस्त्यांत ढेमसा नाचाला ढोल घुमतो. या मुलांना लय आधीपासून अंगात असते. खंजिरीच्या ठेक्यावरून केरवा समजावणे किंवा लेंगीतील स्वरसमूह ओळखून लिहायला लावणे यासाठी वेगळा निधी लागत नाही. लागतो तो तांड्यावर जाऊन ऐकण्याची तयारी असलेला शिक्षक.