द्विध्रुवीय विकारातील गट-मनोशिक्षण आणि जीवनाची गुणवत्ता : एक चिकित्सक परामर्श

द्विध्रुवीय विकारात उन्माद व नैराश्य यांची आवर्तने येत राहतात. औषधोपचारास जोड म्हणून बार्सिलोना येथे फ्रान्सेस्क कोलोम, एदुआर्द व्हिएता व सहकाऱ्यांनी १२० रुग्णांवर गट-मनोशिक्षणाचा अभ्यास केला (२००३). प्रत्येकी ९० मिनिटांच्या २१ सत्रांत आजाराची ओळख, औषधांतील सातत्य, पूर्वलक्षणांची जाण व नियमित दिनचर्या यांवर भर होता. केवळ एकत्र भेटणाऱ्या गटाच्या तुलनेत दोन वर्षांत आवर्तने लक्षणीयरीत्या घटली, हे या अभ्यासाचे मोल होय. तथापि तो स्थिर मनःस्थितीतील रुग्णांपुरता मर्यादित होता आणि त्याचा मुख्य निकष आवर्तन हाच होता. आवर्तन टळले म्हणजे जीवन सुधारले, असे गृहीत धरता येत नाही. नोकरी, नातेसंबंध व आत्मसन्मान यांची हानी आवर्तन ओसरल्यावरही उरते. इंग्लंडमधील २०१६ च्या चाचणीत मनोशिक्षण परस्पर-आधार गटापेक्षा एकूणात सरस ठरले नाही. पूर्वी सातपर्यंतच आवर्तने झालेल्यांना मात्र लाभ दिसला. म्हणून मनोशिक्षण आजाराच्या आरंभीच्या काळात द्यावे आणि त्याचे यश आवर्तनांच्या संख्येबरोबरच रुग्णाच्या जीवनाच्या गुणवत्तेवरही स्वतंत्रपणे पारखावे.