बहुसांस्कृतिक समुपदेशन-क्षमतेचे तात्त्विक अधिष्ठान : एक चिकित्सा

‘बहुसांस्कृतिक क्षमता’ ही संकल्पना डेराल्ड विंग सू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये अमेरिकेत सुसूत्रपणे मांडली. स्वतःच्या गृहीतकांची जाणीव, समुपदेशार्थीच्या विश्वदृष्टीचे आकलन आणि तदनुरूप पद्धतींचा अवलंब ही तिची तीन अंगे होत. प्रस्तुत लेखात तिच्या तात्त्विक पायाची चिकित्सा मूल परिसराच्या संदर्भात केली आहे.

मूल व लगतच्या गडचिरोली जिल्ह्यात झाडीबोली, गोंडी, माडिया या बोली नांदतात. वर्गात गप्प राहणाऱ्या गोंडीभाषक विद्यार्थिनीच्या नोंदीत ‘आत्मविश्वासाचा अभाव’ असा शेरा पडला, तर तो तिच्या मनाचे वर्णन करतो की आपल्या प्रमाणभाषेच्या मर्यादेचे? कार्ल रॉजर्सप्रणीत समुपदेशनाच्या केंद्रस्थानी स्वायत्त व्यक्ती आहे. जिथे विवाहाचा वा शिक्षणाचा निर्णय कुटुंब मिळून घेते, तिथे हे गृहीतक तपासावे लागते.

यावर ‘आदिवासी संस्कृतीची माहिती’ अभ्यासक्रमात घालणे हा उपाय अपुरा आहे. अशा माहितीतून नवा साचाच तयार होतो. पूर्वग्रहांवाचून आकलन संभवत नाही, मात्र ते संवादात पणाला लावावे लागतात, हा गाडामर यांचा १९६० मधील विचार येथे अधिक उपयुक्त ठरतो.

त्याचा प्रत्यय गडचिरोलीतच येतो. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन गावांतील ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, त्यापूर्वी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. मौन म्हणजे वेदनेचा अभाव नव्हे. पुढे शोधग्राम येथील रुग्णालय आदिवासींना विचारून झोपड्यांच्या रूपात उभारले गेले व त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. येथे रुग्णाआधी संस्था बदलली.

याचा अर्थ प्रत्येक रूढी स्वीकारार्ह ठरते असा नाही. एखाद्या स्त्रीला चेटकीण ठरवून छळणे हे ‘संस्कृती’ म्हणून समर्थनीय नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा छळास गुन्हा ठरविले आहे. संवाद उभयपक्षी असेल, तरच प्रश्नही उभय बाजूंना विचारता येतात.

सारांश, क्षमता हा माहितीचा साठा नसून स्वतःची गृहीतके तपासू देण्याची नैतिक तयारी आहे. विद्यार्थिनीविषयी शेरा लिहिण्यापूर्वी तिला तिच्या भाषेत बोलता येईल अशी सोय आपण केली होती काय, हा प्रश्न प्रत्येक महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षाने प्रथम स्वतःला विचारावयास हवा.