अस्मितेचा दाखला आणि साहित्याची साक्ष

गटांतील संघर्षाचा विचार करताना हेन्री ताजफेल यांच्या 1971 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांची क्षुल्लक निमित्ताने दोन गटांत विभागणी होताच ती स्वगटाला झुकते माप देऊ लागली. परंतु गटाला नाव कोण देतो आणि त्या नावावर पदरात काय पडते, हा प्रश्न तेथे अस्पर्शित राहतो. यवतमाळ जिल्ह्यात तो टाळता येत नाही.

पैनगंगेच्या अलीकडे बंजारा विमुक्त जातींत मोडतो. पलीकडे, आदिलाबादेत, 1976च्या कायद्याने तो अनुसूचित जमातीत गणला गेला. गोंड व कोलाम मात्र दोन्ही तीरांवर अनुसूचित जमातीच आहेत. महाराष्ट्रात विमुक्त जातींना 3 टक्के, तर अनुसूचित जमातींना 7 टक्के आरक्षण आहे. सप्टेंबर 2025मध्ये बंजारा समाजाने अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी नव्या जोमाने मांडली आणि आदिवासी संघटनांनी मोर्चे काढून तिला विरोध केला. तांड्यावरचा आणि पोडावरचा शिकलेला तरुण असे समोरासमोर आले. दोघांचीही भीती काल्पनिक नाही. म्हणूनच समन्वयाचा सोपा उपदेश येथे पोकळ ठरतो.

समीक्षेचा प्रश्न यापुढे सुरू होतो. 1965च्या लोकूर समितीने जमातीसाठी आदिम लक्षणे, भौगोलिक अलगपणा, इतरांशी संपर्काचा संकोच असे निकष मानले. मीठ-धान्य लादलेल्या बैलांसह देशभर फिरलेल्या बंजाऱ्यांची स्मृती त्यांत बसत नाही. 1751पर्यंत टिकलेल्या चांद्याच्या गोंड राज्याचीही नाही. दाखल्यासाठी दोघांनाही आपला अभिमानाचा वारसाच झाकावा लागतो.

साहित्य तो झाकत नाही. आत्माराम राठोड यांच्या आत्मकथनाचे शीर्षक ‘तांडा’ आहे. आज वस्तीचा वाचक असलेला हा शब्द मुळात चालत्या काफिल्याचा. भुजंग मेश्राम यांच्या संग्रहाचे ‘उलगुलान’ हे नाव गोंडी नव्हे, तर बिरसाच्या मुंडांचे आहे. एक शब्द अलगपणा नाकारतो, दुसरा जमातीची सीमा ओलांडतो.

आपली समीक्षा मात्र ‘आदिवासी’ आणि ‘भटके-विमुक्त’ असे कप्पे शासनाच्या यादीवरून उचलते आणि कृतीत त्यांचाच पुरावा शोधते. हक्काच्या लढ्यात यादी अटळ असेल. वाचनात ती अटळ नाही. दाखल्यातून गळलेले वाचून दाखवणे, एवढे तरी समीक्षेने या तरुणांसाठी करावे.