अर्ज : एक उपेक्षित वाङ्मयप्रकार

मराठी समीक्षकांनी आजवर कशाकशाची समीक्षा केली नाही? कथा झाली, कादंबरी झाली, नवकाव्य झाले, ओव्या झाल्या, उखाणे झाले. ट्रकच्या पाठीवरच्या सुभाषितांवरसुद्धा कुणीतरी प्रबंध लिहून मोकळे झाले असेल. पण ज्या वाङ्मयप्रकारात बहुतेक प्रत्येक पांढरपेशा माणसाने आयुष्यात एकदा तरी लेखणी चालवलेली असते, त्याकडे एकाही विद्वानाने ढुंकून पाहिलेले नाही. हा वाङ्मयप्रकार म्हणजे नोकरीचा अर्ज.

या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे. एका कचेरीच्या आस्थापना शाखेत मी ३१ वर्षे अर्ज वाचले. कादंबरीच्या समीक्षकाचे शेवटचे पान आधी वाचून भागते. आम्हांला ‘सोबत : दाखल्यांच्या नकला सात’ इथपर्यंत जाऊन त्या सात नकला मोजाव्याही लागत. असले कष्ट महाकाव्याच्या वाचकानेही कधी घेतले नसतील.

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याची सहा प्रयोजने सांगितली आहेत. त्यांत पहिले यश आणि दुसरे अर्थ, म्हणजे सरळ सांगायचे तर पैसा. मराठी कवीला दोन्हींची मारामार. अर्जकर्त्याच्या डोळ्यांपुढे मात्र नेमकी हीच दोन असतात, फक्त उलट्या क्रमाने. तेव्हा शास्त्राच्या कसोटीवर अर्ज हे काव्य ठरायला काहीच हरकत नाही.

या वाङ्मयाचे पहिले पर्व अभिजात म्हणावे लागेल. अभिजात कलेत वैयक्तिक लहरीला थारा नसतो, तसा या अर्जांतही नव्हता. आरंभ ठरलेला. ‘आपल्या कृपाळू नियंत्रणाखाली एक जागा रिकामी असल्याचे विश्वसनीय सूत्रांकडून समजते,’ अशा अर्थाचे एक लांबलचक इंग्रजी वाक्य. हे विश्वसनीय सूत्र म्हणजे बहुधा त्याच कचेरीत चिकटलेला मावसभाऊ. शेवटही ठरलेला. ‘या उपकाराबद्दल आपल्या दीर्घायुष्यासाठी मी सदैव प्रार्थना करीन.’ नोकरी लागल्यावर दोन वर्षांत या प्रार्थनेचे काय होते, ते प्रत्येक साहेबाला ठाऊक आहे.

पण या पर्वाचे खरे वैभव ध्वनीत आहे. बोललेल्या अर्थापेक्षा न बोललेला अर्थ मोठा, हा आनंदवर्धनाचा सिद्धान्त मला कॉलेजात कळला नव्हता. तो आस्थापना शाखेत कळला. ‘आधीची नोकरी सोडण्याचे कारण : अधिक चांगल्या संधीच्या शोधात.’ ध्वनी : साहेबाशी वाजले. ‘इंग्रजी : समजते.’ ध्वनी : बोलायला लावू नका. ‘छंद : वाचन.’ ध्वनी : छंद नाही. ‘अपेक्षित पगार : नियमाप्रमाणे.’ हा ध्वनी मात्र हसण्यासारखा नाही. त्याचा अर्थ, द्याल ते घेईन, पण घ्या.

यानंतर आले ते प्रयोगशील पर्व. ते का आले, हे समजण्यासाठी एकच आकडा पुरे आहे. २०१५ साली उत्तर प्रदेशच्या सचिवालयात शिपायांच्या ३६८ जागा निघाल्या आणि २३ लाखांवर अर्ज आले. त्यांत पीएच.डी. झालेलेही होते. एवढ्या ढिगाऱ्यात आपला कागद साहेबाच्या नजरेला पडायचा कसा? ‘उठून दिसणे’ ही या पर्वाची घोषणा झाली. ती दैन्यातून जन्माला आलेली आहे, हे तिची चेष्टा करताना समीक्षकाने विसरू नये.

आमच्या कचेरीतही अधूनमधून असे प्रयोगशील लेखक उगवत. एकाने गुलाबी कागदावर वेलबुट्टी काढून अर्ज पाठवला. हेडक्लार्क भाऊसाहेबांना ती लग्नपत्रिका वाटली. त्यांनी ती मोठ्या साहेबांच्या घरी पाठवून दिली, आणि बाईसाहेब दोन दिवस आहेराचा विचार करीत बसल्या. दुसऱ्या एकाने अर्ज चक्क आर्या वृत्तात लिहिला होता. भाऊसाहेब वृत्तात पक्के. त्यांनी चौथ्या चरणातली एक मात्रा कमी असल्याचा शेरा समासात मारला आणि अर्ज दप्तरी दाखल केला. दोघेही उठून दिसले, यात वाद नाही. जागा लागली ती तिसऱ्याच कुणाला तरी.

आता ही कला फार पुढे गेली आहे. परवा माझा पुतण्या आपला अर्ज दाखवायला घेऊन आला. हल्ली त्याला अर्ज म्हणत नाहीत, ‘सीव्ही’ म्हणतात. त्यात रंगीत पट्ट्या होत्या. नेतृत्वगुण ९० टक्के, कल्पकता ८५ टक्के, सांघिक वृत्ती ९५ टक्के.

“हे मोजलं कुणी रे?” मी विचारले.

“मीच, काका.”

“मग नेतृत्वाचे उरलेले दहा टक्के कुठे गेले?”

“तेवढी नम्रता दाखवायची असते, काका. आणि तुमच्या वेळचे दाखले-बिखले आता कोणी बघत नाही. पहिल्या काही सेकंदांत नजर पकडायची. नाहीतर संपलं.”

नजर पकडण्याच्या या उद्योगात परदेशातल्या मंडळींनी कमालच केलेली आहे. दारात एक पाऊल पडले की काम झाले, अशी इंग्रजीत समजूत आहे. म्हणून तिकडे कुणी कुणी एका पायाचा बूट खोक्यात घालून साहेबाला पाठवतात. आपल्याकडे टपालाने एकच बूट आला, तर त्याचा अर्थ वेगळा होईल आणि उत्तरादाखल दुसरा येईल. २०१६ साली सान फ्रान्सिस्कोत एका लिथुएनियन तरुणाने घरपोच खाऊ देणाऱ्या पोऱ्याचे सोंग घेतले, आणि डोनटच्या खोक्यांत आपली माहिती घालून ती मोठमोठ्या कंपन्यांच्या साहेबांपर्यंत पोचवली. त्याला मुलाखती मिळाल्या. २०१३ साली लंडनच्या एका तरुणाने खिशातले शेवटचे ५०० पौंड घालून रस्त्यावर भला मोठा फलक लावला, ‘मला नोकरी द्या’ या अर्थाचा. त्यालाही नोकरी मिळाली.

तेव्हा हे प्रयोग फसतात, असे मी म्हणणार नाही. पण समीक्षक म्हणून माझा आक्षेप निराळा आहे. या कलाकृतींत लेखक दिसतो, त्याची हुशारी दिसते, त्याची निकड तर डोळ्यांत भरते. तो काम काय करणार, तेवढे मात्र दिसत नाही. शिवाय हा प्रयोग एकदाच नवा असतो. त्याच रस्त्यावर पुढच्या महिन्यात आणखी चाळीस फलक लागले, तर एकेचाळिसाव्याने काय करावे? फलकावर चढून स्वतःच उभे राहावे?

खऱ्या थोर कृती पाहायच्या तर थोडे मागे जावे लागेल. सुमारे १४८२ साली लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुडोविको स्फोर्झाला लिहिलेले पत्र हा या प्रकारातला आदिग्रंथ मानायला हरकत नाही. त्यात त्याने मुद्दे घालून सांगितले आहे की मी हलके पूल बांधतो, खंदकातले पाणी काढतो, तोफा करतो, आच्छादलेले रणगाडे करतो. शांततेच्या काळातली कामे शेवटी येतात, आणि त्यांत जाता जाता, मी चित्रेही काढतो! स्फोर्झाला युद्धाची काळजी आहे, चित्रांची नाही, हे त्याने ओळखले होते. पुढे त्याच मिलानमध्ये, त्याच स्फोर्झासाठी, त्याने ‘द लास्ट सपर’ रंगवले. अर्जातली शेवटची ओळ जगभर गाजली आणि पहिल्या ओळीतले पूल कुणाला आठवतही नाहीत. मालकाने नेमले कशासाठी आणि माणूस निघाला काय, याचे इतके उत्तम उदाहरण दुसरे नसेल.

मायकेल फॅरडे पुस्तकबांधणीचा उमेदवार. १८१२ साली त्याने हंफ्री डेव्हीची व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे नीट लिहून काढली, स्वतःच्या हाताने त्यांची बांधणी केली आणि तो ग्रंथ डेव्हीलाच पाठवला. यात गुलाबी कागद नाही, टक्के नाहीत. ‘मी लक्ष देऊन ऐकतो’ हे वाक्यसुद्धा लिहायची गरज नाही. ग्रंथच ते सांगतो. तरी जागा काही लगेच मिळाली नाही. आधीचा साहाय्यक मारामारी करून बडतर्फ झाला, तेव्हा कुठे १८१३ च्या मार्चमध्ये फॅरडे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये चिकटला. प्रतिभा असली तरी जागा रिकामी व्हावी लागते, हे आस्थापना शाखेचे पहिले सूत्र आहे.

रामानुजन तर बोलून चालून आमच्यातलाच, मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातला कारकून. १६ जानेवारी १९१३ ला त्याने केंब्रिजच्या हार्डीला पत्र लिहिले. रूढ अर्थाने तो नोकरीचा अर्ज नव्हे, पण त्याने आयुष्य बदलले. आपण वर्षाला अवघ्या २० पौंडांवर कारकुनी करतो, हे त्याने पहिल्याच वाक्यात सांगून टाकले आणि सोबत शंभराहून अधिक प्रमेये जोडली. सात दाखले नव्हेत, शंभर प्रमेये!

आणि आपल्या घरचे उदाहरण घ्यायचे तर १९७४ सालचे एक साधे पोस्टकार्ड. टेल्कोच्या इंजिनियरांच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत अशी तळटीप होती. ती वाचून सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना कार्ड टाकले. त्यात स्वतःची स्तुती नव्हती, तक्रार होती. कंपनीने आपल्या खर्चाने त्यांना पुण्याला मुलाखतीस बोलावले आणि नेमणूकही दिली. साहेबाशी भांडून नोकरी गेल्याची प्रकरणे मी ढीगभर पाहिली. भांडून लागल्याचे हे एकच ऐकले.

या चारही कृतींत मला एक गोष्ट समान दिसते, आणि ती लेखकात नाही. ती वाचकात आहे. फॅरडेने डेव्हीच्या आधी सर जोसेफ बँक्स यांना पत्र लिहिले होते. ‘उत्तर नाही’ एवढाच निरोप दारवानापाशी ठेवलेला होता. रामानुजनने हार्डीच्या आधी केंब्रिजच्याच दोघा गणितज्ञांना लिहिले, त्याचा काही उपयोग झाला नाही. हस्ताक्षर तेच, गणित तेच. फरक एवढाच, की हार्डी ते कागद घेऊन संध्याकाळी लिटलवुडबरोबर बसला आणि त्यांनी ते वाचले. काव्याला सहृदय रसिक लागतो, असे आपले शास्त्रकार सांगत आले. अर्जाला तो लागत नाही असे कुणी ठरवले?

आता तर रसिकाची खुर्चीच रिकामी झाली आहे. पुष्कळ मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणक चाळतो. त्याला हवे ते शब्द सापडले तर अर्ज वर जातो, नाहीतर तळाशी. यावर अर्जदारांनी युक्ती काढली. जाहिरातीतले सगळे शब्द पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत लिहायचे. माणसाला दिसत नाहीत, यंत्राला दिसतात. ध्वनीची इतकी टोकाची कल्पना आनंदवर्धनालाही सुचली नसती! पण यंत्राने मजकूर वेगळा काढला की तीच अक्षरे काळी होऊन साहेबापुढे येतात, आणि मग पंचाईत. त्यापुढची पायरी म्हणजे अर्जही यंत्राकडूनच लिहून घेणे. म्हणजे लेखक यंत्र, वाचक यंत्र. मधला मुलगा तेवढा हाडामांसाचा, आणि तो बेकार.

म्हणून या मुलांना ‘उठून दिसा’ असा उपदेश करायचा मला आता संकोच वाटतो. तेवीस लाखांतला प्रत्येक जण उठला, तर कुणीच दिसणार नाही, नाटकगृहात होते तसे. लेखकांनी आपल्या बाजूने पुरेसे प्रयोग केले. राहिले आहेत ते वाचकांचे.

आमच्या कचेरीत पूर्वी नकाराचे एक छापील कार्ड जात असे, ‘कळविण्यास खेद होतो की’. पुढे टपालखर्चात काटकसर करायचे ठरले आणि तो खेद बंद झाला. आता तर पत्राला तिकीटही लागत नाही, पण खेद काही पुन्हा सुरू झालेला नाही. खुर्चीवर बसलेल्या एखाद्या साहेबाने कधी तरी एवढेच लिहून पाहावे : ‘आपला अर्ज मी स्वतः वाचला. जागा एकच होती, ती भरली. पण तुम्ही पंप दुरुस्तीबद्दल लिहिलेला परिच्छेद चांगला आहे. तो पहिल्यांदा घाला.’ पाच मिनिटांचे काम. असे पत्र आले, तर तो मुलगा ते फ्रेम करून लावील. निदान मी तरी त्यावर समीक्षा लिहीन.