कोयता, कट्टा आणि बातमी

मला बंदुकांचा नाद आहे, हे आधीच सांगितलेले बरे. माझ्याकडे ना परवाना आहे, ना बंदूक. नाद आहे तो वाचण्याचा, चित्रे पाहण्याचा आणि कात्रणे जमवण्याचा. मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे रायफल खांद्यावर घेतलेला माणूस या गावाला नवलाचा नाही. बाकी गाव फुलांचे आणि रेल्वेचे. मनमाड-सिकंदराबाद मार्गावरून आदिलाबादची लाइन इथूनच फुटते. अशा गावात बसून तीसेक वर्षांत मी वर्तमानपत्रांतल्या शस्त्रांच्या बातम्या कापून वह्यांत चिकटवल्या. या लेखातला मजकूर त्या वह्यांतून आणि पाहिलेल्या सिनेमांतून आला आहे. विद्यापीठाची पदवी माझ्यापाशी नाही, तेव्हा वाचकांनी तपासूनच घ्यावे.

आधी सिनेमा. पडद्यावर गोळी लागलेला माणूस दहा फूट मागे उडतो. असे होत नाही. गोळी जेवढा रेटा पुढे नेते, तेवढाच रेटा बंदूक उलटा खांद्याला देते. समोरचा उडणार असेल तर झाडणाराही उडायला हवा. दुसरे, नळीला सायलेन्सर लावला की फक्त ‘फुस्स’ होते, हेही खोटे. साध्या बंदुकीचा आवाज दीडशे डेसिबलच्या आसपास जातो. सायलेन्सर त्यातून वीस-तीस कमी करतो. उरतो तो आवाजही शेजारच्या वाड्याला जागे करील. आणि चामड्याच्या म्यानातून तलवार उपसताना पोलाद घासल्यासारखा खणखणाट कुठून येतो, ते ध्वनिमुद्रकालाच ठाऊक.

पण सगळेच चूक असते असे नाही. १९७५ च्या ‘शोले’त गब्बर सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्वरमधून तीन गोळ्या आभाळात झाडतो, चक्र फिरवतो आणि तिघांवर एकेकदा चाप ओढतो. तिन्ही वेळा खण रिकामा निघतो. मग तो हसतो, हसवतो, आणि त्याच तिघांना तीन गोळ्यांनी मारतो. पुष्कळ जण याला लेखकाची मनमानी समजतात. मी कागदावर सहा खणांचे चक्र काढून पाहिले. सलग तीन गोळ्या झाडल्या म्हणजे सलग तीन खण रिकामे आणि सलग तीन भरलेले. फिरवल्यावर चक्र सहा ठिकाणी थांबू शकते. त्यांपैकी एका ठिकाणी पहिले तीन रिकामे येतात, आणि तसे आले तर पुढचे तीन भरलेलेच असणार. म्हणजे सहांत एक शक्यता. यंत्राच्या दृष्टीने प्रसंग चोख आहे. त्याची दहशतही तिथूनच येते: योगायोगाने वाचलेल्या माणसाला गब्बर योगायोगाचा फायदा मिळू देत नाही. शस्त्र नीट समजून घेतले की प्रसंग किती घट्ट होतो, याचा हा नमुना.

मराठीत मला दोन चित्रपट शेजारी ठेवावेसे वाटतात. ‘सैराट’ (२०१६) खुनाने संपतो, पण शस्त्र चालताना आपल्याला दिसत नाही. दिसतात ती लहान मुलाची पावले. ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) शेतजमीन विकून बसलेल्या घरातल्या पोराची गोष्ट सांगतो, आणि तिचा शेवट काही सुखाचा नाही. तरी मोबाइलवर फिरणाऱ्या तुकड्यांत जमीन गळाली, बाप गळाला, उरला तो रुबाब. याचा सगळा दोष दिग्दर्शकाला देता येणार नाही. पण पडद्यावर जे देखणे करून दाखवले जाते तेच कापून नेले जाते, एवढे तरी त्यातून कळते. ‘सैराट’च्या शेवटातून तलवारीने केक कापण्याची हौस कुणाला सुचणार नाही.

आता वर्तमानपत्रे. माझ्या वह्यांत सर्वांत जास्त वेळा आलेला शब्दप्रयोग ‘गावठी कट्टा व जिवंत काडतूस’ हा आहे. कट्टा म्हणजे एका वेळी एकच काडतूस घेणारे, लोहाराच्या किंवा लेथच्या हाताने बनलेले हत्यार. पण बातमीच्या फोटोत पुष्कळदा मॅगझिनचे पिस्तूल असते आणि खाली ओळ असते ‘कट्टा’. रिव्हॉल्वरला पिस्तूल म्हणणे तर नित्याचेच. हा निव्वळ शब्दच्छल नव्हे. एकगोळी कट्टा बाळगणारा आणि मॅगझिनचे पिस्तूल बाळगणारा यांना ते कुठून मिळाले, किती पैसे मोजावे लागले, मागे कोण आहे, हे प्रश्न वेगवेगळे असतात. शब्द चुकला की प्रश्नच विचारला जात नाही.

धारेच्या हत्यारांची गत आणखी वाईट. कट्यार, बिचवा, गुप्ती, सुरा, खंजीर, निजामाच्या पदरच्या अरबांचा जंबिया, एवढी नावे आपल्या भाषेत आहेत. बातमीत मात्र एकच: ‘धारदार शस्त्र’. तपास पुरा होईपर्यंत असे मोघम लिहिणे समजू शकते. पण गेल्या काही वर्षांत मोघमपणा सोडून एक नाव बातमीने उचलले, आणि ते नेमके कष्टकऱ्याचे: कोयता. ‘कोयता गँग’ हा शब्द पुण्याच्या बातम्यांतून आमच्यापर्यंत आला.

आमच्या मराठवाड्यात कोयता ही मोजणीसुद्धा आहे. ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. कंधार-मुखेडकडून बैलगाडीने, ट्रकने कारखान्यावर निघालेल्या घराची सगळी पत या शब्दात असते. खंडेनवमीला तोच कोयता धुऊन, हळदकुंकू लावून पूजेत मांडतात.

कायद्याला हा फरक कळतो. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांत धरली आहेत, पण घरकामासाठी, शेतीसाठी, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनवलेली वगळून. संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात शिखांचे कृपाण धारण करणे धर्माचरणात समाविष्ट आहे. म्हणजे पाते किती लांब यापाशी कायदा थांबत नाही, ते कशासाठी, हेही पाहतो. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबला दिवाळीच्या सुमारास गोदावरीचे पाणी आणून तख्तस्नान होते, गुरू गोविंदसिंगांची शस्त्रे स्वच्छ केली जातात. लोक ती हात जोडून पाहतात. तिथे कुणालाही भय वाटत नाही, कारण शस्त्र कुणाचे आणि कशासाठी हे प्रत्येकाला माहीत असते.

हे सगळे मला फार उशिरा कळले, आणि कळण्याआधी एक चूक माझ्या हातून झाली. तरुणपणी मी एका जिल्हा दैनिकाला गावच्या बातम्या पाठवत असे. एका हिवाळ्यात फलाटावर दोघांना गाठोड्यातल्या कोयत्यांसह ताब्यात घेतल्याचे कळले. मी स्टेशनवर गेलोही नाही. घरी बसून लिहिले, ‘घातक शस्त्रांसह दोघे जेरबंद’. शस्त्रांचा नाद असलेल्या माणसाला कोयता कशाचा हे विचारावेसे वाटले नाही. दोघे टोळीला जाऊन मिळायला निघालेले ऊसतोड मजूर होते. संध्याकाळी सोडून दिले, पण त्यांची गाडी गेली होती. सुटल्याची बातमी मी पाठवली नाही. पाठवली असती तरी छापली गेली असती की नाही, कोण जाणे. चार दिवसांनी त्यांच्यातल्या एकाचा बाप माझ्या दारात आला. भांडला नाही. एवढेच म्हणाला, “सायब, मुकादमानं दुसरा कोयता घेतला.”

माझे मागणे मोठे नाही. शस्त्राची बातमी लिहिणाऱ्याने तीन गोष्टी विचाराव्यात: हत्यार नेमके कोणते, ते कशासाठी बनलेले, आणि बाळगणाऱ्याकडे ते कसे आले. सुटका झाली तर तीही तेवढ्याच जागेत छापावी. सिनेमावाल्यांना मी काय सांगणार! त्यांनी निदान ‘शोले’चे चक्र एकदा कागदावर काढून पाहावे.

ते कात्रण माझ्या पहिल्या वहीत आहे. त्याखाली मी पुढे पेनने लिहून ठेवले: ‘शस्त्रे नव्हती. दोन कोयते होते.’