अवकाशयानाचे सुकाणू : कळफलक आणि माउस

अवकाशयुद्धाच्या ऑनलाइन खेळांविषयी जी चर्चा होते तिच्यात यान माउसने चालवावे की कळफलकाने, हा वाद वारंवार उपस्थित होतो. आणि बहुधा तो सवयीचा प्रश्न म्हणून निकालात काढला जातो. ज्याच्या हाताला जे साधन बसले त्याने ते वापरावे, हा निर्णय वरकरणी शहाणपणाचा दिसला तरी मूळ प्रश्नाला तो स्पर्शही करीत नाही. एकाच अवकाशात दोन अपरिचित खेळाडू समोरासमोर आले म्हणजे एकाची सोय ती दुसऱ्याची गैरसोय होऊ शकते, ही त्यातील एक अडचण. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की साधन बदलले म्हणजे केवळ हाताची हालचाल बदलत नाही. पडद्यावर जे ‘यान’ म्हणून दिसते त्याचे स्वरूपही बदलते. ते वजन असलेली, उशिरा ऐकणारी वस्तू आहे, की खेळाडूच्या नजरेला जोडलेले एक टोक आहे, हे बऱ्याच अंशी साधनच ठरविते. या वादाचा विचार त्या अंगाने क्वचितच झाला आहे.

प्रथम ‘सुकाणू’ या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण येथे तो फसवा आहे. कोकणच्या किनाऱ्यावरचे गलबत सुकाणूमुळे वळते ते मागे सरकणाऱ्या पाण्याच्या दाबाने. गलबत स्थिर असेल तर सुकाणू कितीही फिरविले तरी व्यर्थ. निर्वात अवकाशात असा दाब देणारे काही नसते. तेथे यानाचे तोंड वळले म्हणून त्याचा मार्ग वळत नाही. तोंड एकीकडे आणि गती भलतीकडे, ही तेथील नित्याची स्थिती होय. तोंड वळविणे आणि मार्ग बदलणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. कोणत्याही अवकाशखेळाची परीक्षा करताना त्याने या दोन क्रिया वेगळ्या ठेवल्या आहेत की एकत्र केल्या आहेत, हे पाहिल्यावाचून साधनांची तुलना करणे निरर्थक ठरते.

या खेळप्रकाराच्या आरंभी त्या पूर्णपणे वेगळ्या होत्या. १९६२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ सिद्ध झाला. त्याची मुख्य रचना स्टीव्ह रसेल याची. मध्यभागीच्या ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण डॅन एडवर्ड्‌स याने त्यात आणले. डावीकडे वळणे, उजवीकडे वळणे, रेटा देणे आणि मारा करणे, या चार आज्ञांवर सारा खेळ उभा होता. या आज्ञा प्रारंभी संगणकाच्या दर्शनी फलकावरील खटक्यांनीच दिल्या जात. ते खटके पडद्याच्या एका बाजूला असल्यामुळे दोन खेळाडूंपैकी एकाला पडदा समोर दिसे आणि दुसऱ्याला तिरपा. कोपरे अवघडत ती निराळीच. पुढे ॲलन कोटॉक व रॉबर्ट साँडर्स यांनी सुट्या नियंत्रणपेट्या बनविल्या तेव्हा ही विषमता गेली. साधनामुळे होणाऱ्या अन्यायाचा प्रश्न असा या प्रकाराच्या जन्मापासून त्याला चिकटलेला आहे, आणि तोही माउस अस्तित्वात येण्यापूर्वीच. १९७९ मध्ये ॲटारी कंपनीने काढलेल्या ‘ॲस्टरॉइड्‌स’ या खेळातही दांडा नव्हता. पाच बटणांवरच खेळाडूचे काम भागे.

कळ ही अत्यंत दरिद्री भाषा आहे. सामान्य कळफलकाला कळ दाबली आहे किंवा नाही, एवढेच समजते. ती किती जोराने दाबली याची त्याला वार्ता नसते. जे काही कमीअधिक व्यक्त करावयाचे ते केवळ कालावधीच्या द्वारे. कळ क्षणभर टिचकली तर यान थोडे वळते, धरून ठेवली तर वळतच राहते. म्हणून कळफलकाचा कुशल खेळाडू वस्तुतः काळाचा हिशेब करीत असतो. आता जडत्व असलेल्या यानाचा नियमही काळाचाच आहे. रेटा जितका वेळ दिला तितका वेग साठतो, आणि कळ सोडल्याने तो नाहीसा होत नाही; तो घालवावयाचा तर तोंड फिरवून तितकाच वेळ उलट रेटा द्यावा लागतो. केलेले निस्तरावे लागते. साधनाची भाषा आणि विषयाचा नियम यांची येथे जी जुळणी होते ती योगायोगाची असेल, परंतु तिच्यामुळेच कळीचे दारिद्र्य बाधक न होता उपकारक ठरते. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराशी परिचित असलेल्या वाचकाला येथे संवादलयीची आठवण होणे स्वाभाविक आहे. तो मोह आवरलेलाच बरा. खेळाडूच्या बोटांतील लय ही प्रेक्षकाला प्रतीत होणाऱ्या लयीहून वेगळ्या जातीची आहे.

१९९७ साली प्रसिद्ध झालेला ‘सबस्पेस’ हा ऑनलाइन खेळ या जुळणीचा सर्वांत पक्व नमुना म्हणता येईल. सपाट पट, वरून दिसणारी याने, बाणांच्या कळांनी वळणे व रेटा देणे, असे त्याचे रूप अगदी साधे आहे. यान भिंतीवर आदळले की उसळी घेते. मारा करण्यास आणि तग धरण्यास लागणारी ऊर्जा एकाच साठ्यातून येत असल्यामुळे अविचाराने गोळ्या सोडणारा स्वतःलाच दुबळा करतो. या खेळात जडत्वाने आणखीही एक काम केले. त्या काळी दूरध्वनीच्या तारेवरून येणारे संदेश उशिरा पोचत, आणि मधल्या वेळात प्रतिस्पर्ध्याचे यान कोठे असेल याचा अंदाज संगणकालाच करावा लागे. जडत्व असलेली वस्तू एकाएकी दिशा बदलत नाही, म्हणून तिच्याविषयीचा अंदाज फारसा चुकत नाही. यानाला वजन असणे हे केवळ कल्पनेला पोषक नव्हते, तर दोन दूरस्थ खेळाडूंनी एकच घटना पाहावी यासाठीही ते साहाय्यक होते.

मात्र तिसरी मिती आली की कळफलकाची तारांबळ उडते. १९८४ साली डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल यांनी बीबीसी मायक्रोसाठी रचलेल्या ‘इलीट’मध्ये यानाला आपल्या अक्षाभोवती लोळण घेता येई आणि नाक वरखाली करता येई, थेट डावीउजवीकडे वळता येत नसे. बाजूच्या शत्रूकडे जावयाचे तर आधी लोळण घ्यावयाची आणि मग नाक उचलावयाचे. फिरत्या अवकाशस्थानकाच्या अरुंद दारातून शिरताना स्थानकाच्या फिरण्याशी यानाचे फिरणे जुळवावे लागे. हा प्रसंग खेळाडूंच्या पिढीला विसरता आला नाही, यात नवल नाही. परंतु त्या खेळातील यान विमानासारखेच उडते. तोंड तिकडे गती, असा त्याचा व्यवहार असल्यामुळे कळीचा जो खरा गुण, तो तेथे अर्धाच उपयोगी पडतो. तिचे दारिद्र्य मात्र पूर्णपणे जाणवते.

माउसची बाजू घेणारे याच जागी उभे राहतात. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून आणि बिल इंग्लिश यांच्या हातून १९६४ च्या सुमारास घडलेले हे साधन ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जाहीरपणे दाखविले गेले. पुढे १९७८ मध्ये स्टुअर्ट कार्ड, इंग्लिश व बेटी बर यांनी पडद्यावरील मजकूर निवडण्याच्या कामी माउस, जॉयस्टिक आणि दोन प्रकारच्या कळा यांची तुलना प्रसिद्ध केली. तीत माउस सर्वांत जलद ठरला आणि त्याच्या चुकाही सर्वांत कमी आढळल्या. या निष्कर्षाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु पडद्यावरचा शब्द हा वाट पाहत बसलेला असतो. त्याला वजन नसते, तो पळत नाही आणि त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या दर्शकालाही वजन नसते. हाताने लक्ष्य गाठण्यास लागणारा वेळ अंतर व लक्ष्याचा आकार यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो, हे पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेले सूत्र हाताविषयी बोलते. हाताच्या आणि लक्ष्याच्या मध्ये एक जड यान उभे केल्यास काय होईल, याचे उत्तर त्यात शोधणे व्यर्थ होय. माउस स्थान सांगतो. यानाला हवे असते ते त्वरण किंवा निदान वळण्याचा दर. एकाचे दुसऱ्यात भाषांतर करावेच लागते, आणि हे भाषांतर कसे केले आहे यावर सर्व काही अवलंबून आहे.

२००३ साली मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केलेल्या, डिजिटल ॲन्व्हिल या संस्थेच्या ‘फ्रीलान्सर’ने हे भाषांतर फार चतुराईने केले. दर्शक पडद्याच्या मध्यापासून जितका दूर न्यावा तितक्या वेगाने यान त्या बाजूला वळते; वेग कमीजास्त करणे व आडवे सरकणे कळांकडे आहे. जॉयस्टिकला या खेळात स्थानच दिलेले नाही. आरंभीच्या अर्ध्या तासात नवशिक्याला युद्ध जमू लागते, हे त्याचे यश नाकारणे हटवादीपणाचे होईल. परंतु त्याच दर्शकाकडे तोफांचा नेमही सोपविलेला आहे. तोफा आपल्या कोनाच्या मर्यादेत दर्शकाच्या मागे फिरतात, आणि शत्रूच्या पुढे नेम किती धरावा हेही एक खूण दाखविते. परिणाम असा होतो, की यानाचे नाक लक्ष्यावर येण्यापूर्वीच गोळी लक्ष्यावर पोचते. मग नाकाला काय अर्थ उरला? खेळाडूचे सर्व चित्त दर्शक आणि नेमखूण यांवर जडते. यान मागून येत राहते, धन्यामागून चाकराने यावे तसे. इंजिन बंद करून जुन्या गतीने वाहत राहावे आणि तोंड मागे फिरवून पाठलाग करणाऱ्यावर मारा करावा, अशी एक युक्ती या खेळात आहे. त्या थोड्या क्षणांपुरते तोंड आणि मार्ग पुन्हा वेगळे होतात. अनुभवी खेळाडूंना ही युक्ती इतकी प्रिय का झाली, याचे कारण तिच्या उपयुक्ततेइतकेच येथेही असावे.

माउसचा आणखी एक दोष क्वचितच सांगितला जातो. जॉयस्टिकला स्प्रिंग असते, ती सोडली की मध्यावर येते; कळही सोडली की वर येते. माउस जेथे नेला तेथेच राहतो. मध्य कोठे आहे हे हाताला कळत नाही, ते डोळ्याला पाहावे लागते. ज्या डोळ्याने शत्रूला शोधावयाचे त्यालाच असे हाताचे कारकुनी काम करावे लागते.

यावरून माउस यानाचे वजन हिरावून घेतो असा सिद्धान्त कोणी मांडील, तर त्याला त्याच वर्षी, २००३ साली, आइसलँडच्या सीसीपी संस्थेने सुरू केलेला ‘ईव्ह ऑनलाइन’ आडवा येतो. येथे यान चालविले जात नाही, त्याला हुकूम दिला जातो. अमुक वस्तूजवळ जा, तिच्याभोवती इतक्या अंतरावर फिरत राहा, इतके अंतर राखून असा, हे माउसने निवडावयाचे. किंवा रिकाम्या अवकाशात दोनदा टिचकी मारून दिशा सांगावयाची. सर्व्हर या आज्ञांचा हिशेब सेकंदासेकंदाने करतो, आणि मोठ्या लढायांत गर्दी झाल्यास तेथील काळच मंदावतो, अगदी दहा टक्क्यांपर्यंत. हातघाईला येथे जागा नाही. तरीही यानाचे वजन या खेळाइतके दुसऱ्या कोणत्याही खेळात क्वचितच जाणवते. दूरच्या उड्डाणापूर्वी यानाला दिशा धरून आपल्या कमाल वेगाचा तीन-चतुर्थांश गाठावा लागतो. लहान यानास त्याला काही सेकंद पुरतात, अवजड मालवाहू यान मात्र शत्रूच्या देखत सावकाश वळत राहते आणि खेळाडू हतबल होऊन पाहत बसतो. तसेच शत्रूवर सरळ चालून जाणारा त्याच्या तोफांना आयता सापडतो. वारंवार टिचक्या मारून नागमोडी, वर्तुळाकार मार्गाने जवळ जाणाऱ्याचा पाठलाग त्या तोफांच्या फिरण्याला झेपत नाही. हे कौशल्य निःसंशय सुकाणूचेच आहे, आणि ते माउसने साधलेले आहे. पुढे या खेळात कळांनी यान वळविण्याचीही सोय झाली. तिने फारसे काही बदलले नाही, आणि बदलण्यासारखे नव्हतेही. ज्याचा एकच हात चालतो अशा खेळाडूलाही या अवकाशात बरोबरीने वावरता येते, ही गोष्टही जाताजाता नोंदविण्याजोगी आहे.

तेव्हा निर्णायक गोष्ट साधन नसून आज्ञा आणि तिचे पालन यांमधील अंतर ही होय. ‘सबस्पेस’मध्ये ते अंतर खेळाडूच्या बोटांना मोजावे लागते, ‘ईव्ह’मध्ये त्याच्या धैर्याला. ‘फ्रीलान्सर’मध्ये ते आहे, पण तोफांनी ते ओलांडल्यामुळे निष्प्रभ झाले आहे.

२०१२ साली लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या ‘स्टार सिटिझन’भोवतीचा कलह या प्रकाशात अधिक समजतो. दर्शकाच्या मागे फिरणाऱ्या तोफा माउसवाल्याच्या हाती जणू बंदूक देतात, आणि नाक वळवून नेम धरणारा जॉयस्टिकवाला मागे पडतो, ही तक्रार तेथे सतत होत आली. उपाय म्हणून फिरत्या बैठकीवर एक आकार लहान तोफ बसविण्याचा निर्बंध आला. सोयीची किंमत शक्तीत वसूल करण्याचा हा प्रकार व्यवहाराच्या दृष्टीने ठीक आहे. परंतु तो दुखणे सोडून वेदनेवर लेप लावतो. नेम नाकाबरोबरच फिरेल अशी व्यवस्था असती, तर माउस आणि दांडा यांतील अंतर बरेच कमी झाले असते, कारण मग दोघांनाही यानाच्याच गतीने वळावे लागले असते.

डिसेंबर २०१४ मध्ये आलेल्या ‘इलीट डेंजरस’ने या दिशेने अधिक विचार केलेला दिसतो. तेथे वेगाच्या एका मधल्या पट्ट्यात यान सर्वांत चपळ वळते, त्यामुळे वेगाची कळ आणि वळण्याचा माउस यांना एकमेकांकडे लक्ष द्यावे लागते. उड्डाणसाहाय्य बंद केले की तोंड आणि मार्ग वेगळे होऊन ‘स्पेसवॉर’चा जुना नियम तीन मितींत परत येतो. स्थिर बसविलेल्या तोफा अधिक प्रहार करतात, पण नेमासाठी यानच वळवावे लागते. माउसला स्प्रिंग नसण्याच्या दोषावरही येथे एक तोड आहे: दर्शक हलविल्यानंतर आपोआप मध्याकडे परतेल अशी योजना करता येते. तो किती झपाट्याने परतावा हे मात्र खेळाडूनेच ठरवावयाचे असते. म्हणजे एकाच बनावटीच्या दोन यानांत बसलेल्या दोन खेळाडूंच्या हाताखाली दोन निराळी सुकाणू असू शकतात, आणि समोरच्याचे कोणते आहे हे दोघांपैकी कोणालाच दिसत नाही.