'धाडसी' म्हणजे कोण?

मुस्लिम मराठी लेखकाच्या पुस्तकावर परीक्षण आले की त्यात 'धाडसी' हा शब्द बहुधा असतोच. पूर्वी मला तो कौतुकाचा वाटायचा. मग लक्षात आले की तो लिखाणापेक्षा लिहिणाऱ्याच्या नावाला चिकटवलेला असतो. भाषा कोणत्या मोहल्ल्यातली, पात्रे कशी उभी राहिली, यावर दोन ओळी. बाकी सारे लेखकाच्या धाडसावर. आणि धाडस कशाचे, तर आपल्याच समाजाविरुद्ध बोलल्याचे. हमीद दलवाईंची 'इंधन' १९६५ साली आली. कोकणातल्या एका गावाची ती कादंबरी. पण तिच्याविषयी बोलायला बसलो की दुसऱ्या वाक्याला आपण दलवाईंच्या चळवळीवर येतो. कादंबरी बाजूलाच राहते.

उर्दू माध्यमात शिकवत असल्याने शब्द उलटून पाहण्याची खोड मला आहे. अरबीतल्या 'हिम्मा'त जिवावर उदार होणे नाही. मनाचा निश्चय, मोठ्या गोष्टीची ओढ आहे. मराठीत 'हिंमत' आली ती छाती पुढे काढून. 'मर्दुमकी'चे तर नवलच. फारसीत 'मर्दुम' म्हणजे माणसे, लोक. जनगणनेला उर्दूत मर्दुमशुमारी म्हणतात आणि तीत बायकाही मोजल्या जातात. मराठीत मर्दुमकी गाजवायची तर मिशा लागतात. (उर्दूनेही फार उदारपणा दाखवलेला नाही, 'हिम्मत-ए-मर्दां' तिकडचीच.) 'साहस' हा शब्द जुन्या धर्मशास्त्रात लूट, मारहाण अशा बळजबरीच्या गुन्ह्यांना वापरत. 'धैर्य' मात्र धीरातून आलेले. धीर धरणे म्हणजे टिकून राहणे. आपल्या 'सब्र'च्या अगदी शेजारचे. पण सब्रची मराठीत सबुरी झाली आणि रोजच्या बोलण्यात तिचा अर्थ 'घाई करू नकोस' एवढाच उरला.

सोलापूरचे कुर्बान हुसेन १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेले. त्यांच्या हिंमतीबद्दल वाद नाही, फास सर्वांना दिसतो. अडचण जिथे फास दिसत नाही तिथली आहे.

१८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रिया तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध विधिमंडळावर मोर्चाने गेल्या. बहुतेक ठिकाणी तो 'दलवाईंचा मोर्चा' म्हणून नोंदला आहे. तो दलवाईंनी काढला हे खरेच, आणि त्याची किंमतही त्यांनी मोजली. पण तोंडी तलाकची टांगती तलवार त्यांच्या डोक्यावर नव्हती. चालणाऱ्या बायकांना मोर्चा संपल्यावर आपापल्या घरी परतायचे होते. त्या सातजणींची नावे आपल्या वार्षिकाच्या किती वाचकांना सांगता येतील? २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तलाक रद्द ठरवला तेव्हा दलवाईंची आठवण निघाली, सातजणींची फारशी निघाली नाही.

मेहरुन्निसा दलवाईंचे 'मी भरून पावले आहे' या बाजूने पुन्हा वाचावे. दलवाई समाजकार्यात असताना त्यांची नोकरी घराला आधार होती, नवऱ्याचे आजारपणही त्यांनी निभावले. हे सारे त्या आवाज न चढवता सांगतात. त्यामुळेच या पुस्तकाला 'आठवणी' म्हणून कपाटात ठेवणे सोपे जाते. मला विचाराल तर धैर्य या शब्दाचा मूळ अर्थ त्यातच सापडतो.

आमच्या वळसंगात एक विहीर आहे. गावच्या दलितांनी ती स्वतः खणली आणि १९३७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी तिचे पहिले पाणी काढले. बाबासाहेब आल्याचे अभिमानाने सांगितले जाते, सांगायलाच हवे. पण ते येण्याआधी ज्यांनी कुदळ चालवली, त्यांना धाडसी म्हटलेले मी ऐकले नाही.

परीक्षणकारांकडे माझे मागणे छोटेच आहे. 'धाडसी' लिहिण्याआधी धोका कोणाला होता आणि कोणाकडून, हे एका वाक्यात लिहावे. ते वाक्य जमत नसेल तर तो शब्द गाळून पुस्तकाच्या भाषेवर चार ओळी जास्त लिहाव्यात.